टाच खाली

अक्कलकोट रस्त्याला, टॉवेलच्या शेवटच्या कारखान्यामागे
नालबंद सरांचं मैदान:
बाभळीच्या बल्ल्यांचं कुंपण, चार घोडे,
प्लास्टिकची एक खुर्ची, तिचा एक पाय तारेनं बांधलेला.

आधी ते ओरडायचे.
माझी टाच वर जाते, हे
कारखान्यात कांड्या भरणाऱ्या बायकांनासुद्धा माहीत होतं.
इतरांना ते बे म्हणायचे, मला मॅडम.
"मॅडम, टाच!"
अर्धं वाऱ्यावर जायचं.
माझ्यापर्यंत पोचायचं फक्त "...डम ...आच",
आणि बत्तासा, पांढरा, म्हातारा, सोसणारा,
माझ्याऐवजी तोच थांबायचा.

मग त्यांच्या घशातली गाठ काढली.
सिव्हिलच्या डॉक्टरनं सांगितलं, ओरडणं बंद. कायमचं.
आठ दिवस फाटकाला कुलूप.
नवव्या दिवशी मुलीनं हैदराबादहून पाठवलेली डबी आली:
एक माईक त्यांच्या कॉलरला,
एक बोंडाएवढं यंत्र माझ्या कानात, हेल्मेटच्या पट्ट्याखाली.

पहिल्यांदा आवाज आला तेव्हा माझ्या हातून लगाम सुटला.
इतक्या जवळून माझ्याशी
बऱ्याच वर्षांत कुणी बोललं नव्हतं.
खरखर, मग कुजबुज:
"घाबरू नका. मीच आहे."

दीडशे फुटांवर खुर्चीत माणूस,
ओठ हलताना दिसतही नाहीत,
आणि शब्द थेट माझ्या डोक्याच्या आत.
"डावा खांदा. हां. श्वास सोडा, तो पण सोडेल."
दुडकीला ठेका शेजारच्या मागांचा,
खट उठा, खट बसा.
लाइट गेली की माग थांबायचे,
मग सर जिभेनं टाळूवर ठेका धरायचे, टक, टक, टक.

बटण बंद करायला ते विसरायचे.
त्यामुळं मला माहीत आहे
की ते चहा बशीत ओतून पितात,
की विम्यावाल्याला बत्ताशाचं वय चार वर्षांनी कमी सांगतात.
आणि एकदा शिवलिंगला म्हणत होते,
"ही बाई दिवाळीत घोड्याला अहो म्हणायची.
अहो, जरा थांबता का.
हसू नको बे. आता बघ, बसलीय कशी."
मी तिकडं बघितलं नाही.
टाच खाली दाबली, अजून खाली.

एप्रिल. सकाळी सातलाच तबेल्याचा पत्रा तापलेला.
पहिली उडी.
दोन डब्यांवर आडवा बांबू, गुडघ्याएवढा,
पोरं खेळताखेळता ओलांडतील असा.
"या. सरळ. बांबूकडं नाही,
पलीकडं, पाण्याच्या टाकीकडं बघा. आता..."
आणि कानात काही नाही.
खरखरसुद्धा नाही.

सात पावलं उरली होती.
तेवढ्यात काय काय सुचतं:
बॅटरी, घरचा गॅस बंद केला का,
उद्या लेजरवर सही कोण करणार.
मग मला बत्ताशाचे कान दिसले.
एक पुढं, बांबूवर.
एक मागं वळलेला, माझ्याकडं.
वाट बघत.
इतके महिने मी सरांचं ऐकत होते
आणि तो माझं,
पोटऱ्यांतून, बैठकीतून, अडकलेल्या श्वासातून,
त्याच्या कानात कुठलंही यंत्र नसताना.
"चला," मी म्हणाले.
अहो नव्हतं त्यात, पण अहो-जाहो होतंच.

बांबू पडला नाही.
मी पडले, अर्धी, त्याच्या मानेवर,
आयाळ मुठीत, एक रिकीब सुटलेली.
पण पलीकडं.

कुंपणाशी येऊन विचारलं, बॅटरी गेली का.
सरांनी उत्तर दिलं नाही.
कॉलरवरचं बटण बंद होतं.
आजच कसं आठवलं यांना?
त्यांनी बत्ताशाच्या गळ्यावर थाप मारली,
घसा खाकरला, एकदा, दोनदा,
आणि समोरासमोर, दोन फुटांवरून,
उरलेल्या त्या फाटक्या आवाजात म्हणाले,
"टाच वर गेली बे."